गर्भपिशवीच्या ऑपरेशननंतर पोट दुखतंय? एरंडेल पिऊ नका

‘पिशवी काढल्यावर आतडी चिकटतात. 21 दिवस रोज रात्री दोन चमचे एरंडेल घ्या, बेंबीखाली जोर लावून चोळा, सगळं सुटतं. सोनोग्राफी नॉर्मल असेल तर दुखणं मनाचं. तरी नाहीच थांबलं तर दुर्बिणीतून सोडवून घ्या, कायमची सुटका.’ हा मेसेज ठाण्यातल्या बायकांच्या ग्रुपांवर फिरतोय. कळव्याला माझ्या ताईला तो आला आणि तिने तो मनावर घेतला, म्हणून लिहितेय.

आतडी चिकटतात, एवढं खरं. जखम भरताना पोटात व्रणासारखे पट्टे तयार होतात आणि आतडं, अंडाशय, पोटाची भिंत एकमेकांना धरून बसतात. ताईला फडताळातला वरचा डबा काढायला हात उंच करता येत नाही, उजवीकडे खालून ओढ बसते. रिक्षा खड्ड्यात गेली की ती सीटवरून अर्धवट उठते.

पण एरंडेल? ते जातं आतड्याच्या आतून. चिकटलेलं असतं बाहेरून. तिथवर ते पोचतच नाही, मग सोडवणार काय? उलट त्याने आतडं जोरात आवळतं. या पट्ट्यांमुळेच कधीकधी आतड्याला पीळ बसतो, वाट बंद होते, आणि अशा वेळी जुलाबाचं औषध देणं घातक आहे. तिसऱ्या रात्री ताईला कळा सुरू झाल्या, दोनदा उलटी झाली. ‘सुटतंय बहुतेक,’ म्हणून ती पहाटेपर्यंत गप्प राहिली! नशीब की आतडं अडलेलं नव्हतं. उलट्या, फुगलेलं पोट, गॅस आणि शौच दोन्ही बंद, असं झालं तर सकाळची वाट बघू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

चोळण्याबद्दल थोडं मान्य करते. फिजिओथेरपिस्टने ओटीपोटाचे आखडलेले स्नायू सैल करायला शिकवल्यावर ताईला जरा आराम पडला. पण ते हलक्या हाताने, श्वासासोबत. घरी रगडून घेणं म्हणजे तो उपचार नाही.

सोनोग्राफीचं म्हणाल तर साध्या सोनोग्राफीत हे पट्टे बहुधा दिसतच नाहीत. नॉर्मल रिपोर्ट दाखवून कुणा बाईला खोटं पाडू नका.

आणि कायमची सुटका. 2003 साली ‘लॅन्सेट’मध्ये नेदरलँड्सचा अभ्यास आला. पोट सतत दुखणारे 100 रुग्ण, सगळ्यांच्या पोटात दुर्बीण घातली. साधारण निम्म्यांचे पट्टे सोडवले, बाकीच्यांचे तसेच ठेवले, आणि कुणाचं काय केलं ते रुग्णांना सांगितलं नाही. वर्षाने दोन्ही गटांचं दुखणं जवळपास सारखंच कमी झालेलं! शिवाय नव्या ऑपरेशनने नवे पट्टे येऊ शकतात. आतडं अडलं तर ऑपरेशन लागतंच, ती गोष्ट वेगळी. पण नुसत्या दुखण्यासाठी पुन्हा टेबलावर जाण्याआधी डॉक्टरांना विचारा, दुखणं स्नायूंचं आहे, नसेचं आहे की आणखी कशाचं.

ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवलाय, त्यांनी त्याच ग्रुपवर आज लिहा: एरंडेल घेऊ नका.