विकली म्हणे जमीन! तो कागद तरी वाचलाय का कोणी?

परवा रात्री साडेअकराला भाच्याचा व्हॉट्सॲप. पोरगा इथे कॅनडात शिकायला आलाय, तिकडे वर फोर्ट सेंट जॉनला राहतो, एका मोटेलात रात्रपाळी करतो, आणि मी इकडे खाली व्हँकुव्हरजवळ सरेमध्ये. "मामा हे वाच, इथल्या आदिवासींचं खरं रूप." खाली मराठीत हातभर फॉरवर्ड, वर धरणाचा फोटो. मी सोडून दिलं. सकाळी तोच फॉरवर्ड साताऱ्याहून ताईने पाठवला, दुपारी इथल्या मराठी ग्रुपवर आला आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. मग मात्र डोकं फिरलं. म्हणून हे लिहितोय, भाच्यासाठी आणि त्या अंगठेवाल्यांसाठी पण.

ज्यांच्याकडे अजून पोचला नसेल त्यांच्यासाठी फॉरवर्ड थोडक्यात असा. आमच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पीस नदीवर साईट सी नावाचं धरण झालं. "तिथल्या आदिवासींनी 1899 मध्येच करार करून जमीन विकून टाकली होती, पैसे मोजून घेतले, अजून दरवर्षी घेतात, तरी धरणाला आडवे आले. कोर्टात सपाटून हरले. तिकडे कोणी राहतच नव्हतं, नुसतं जंगल. वीज फुकट, टॅक्स शून्य. शेवटी पैसे दिसल्यावर सगळ्यांनी सह्या केल्या." आणि शेवटी आपल्याकडच्या धरणग्रस्तांनी यातून काय शिकावं वगैरे ज्ञान.

"विकली". सगळा फॉरवर्ड या एका शब्दावर उभा आहे, म्हणून आधी तोच घेतो.

1899 चा तो करार म्हणजे ट्रीटी 8, कॅनडा सरकार आणि इथले आदिवासी यांच्यातला. 21 जून 1899 ला लेसर स्लेव्ह लेकला पहिल्या सह्या झाल्या, राणी व्हिक्टोरियाच्या नावाने, आणि फोर्ट सेंट जॉनकडचे डेन-झा आदिवासी 1900 मध्ये त्यात आले. एकूण मुलूख साधारण 8,40,000 चौरस किलोमीटर, म्हणजे अडीच महाराष्ट्रांपेक्षा जास्त. आणि "पैसे मोजून घेतले" ते किती? माणशी 12 डॉलर एकदाच, मग दरवर्षी माणशी 5 डॉलर. तो पाचाचा आकडा आजही पाचच आहे. सव्वाशे वर्षांत महागाई भत्ता नाही काही नाही. भाच्या, तू त्या मोटेलात अर्ध्या तासात यापेक्षा जास्त कमावतोस, आणि फॉरवर्डवाला म्हणतो "अजून दरवर्षी घेतात".

आता खरी गोष्ट. त्याच कागदात लिहिलंय की या सगळ्या मुलखात शिकार, सापळे लावणं आणि मासेमारी हा त्यांचा नेहमीचा धंदा त्यांनी पुढेही चालू ठेवायचा. त्यासाठी सरकार दरवर्षी दारूगोळा आणि जाळी विणायला सुतळी देणार हेसुद्धा कागदावर आहे. मला सांगा, कुठल्या खरेदीखतात असं असतं की मी तुला शेत विकलं पण पिढ्यानपिढ्या पेरणार मीच आणि बियाणं तू द्यायचंस? आपल्याकडे याला वहिवाट म्हणतात. गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, मालकी आणि वहिवाट यातला फरक तो झोपेत सांगेल.

आणि हा माझा अर्थ नाही. सह्या घ्यायला गेलेल्या सरकारी कमिशनरांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वरती रिपोर्ट पाठवला, त्यात ते स्वतःच सांगतात की आमची सगळ्यात मोठी अडचण हीच होती, लोकांना भीती होती की शिकार आणि मासेमारी बंद होईल. मग आम्ही त्यांना गंभीरपणे शब्द दिला की ट्रीटी केलीच नसती तर जितके मोकळे असता तितकेच ट्रीटीनंतरही शिकारीला आणि मासेमारीला मोकळे राहाल. त्याच रिपोर्टात हेही आहे की दारूगोळा आणि सुतळी द्यायची आणि वर त्या धंद्यावर पोट भरता येणार नाही असे कायदे करायचे, हे शहाणपणाचं होणार नाही हे लोकांनाही पटलं, म्हणून त्यांची भीती कमी झाली. म्हणजे सुतळी देऊन नदी काढून घेऊ नये एवढं 1899 च्या साहेबालाही कळत होतं.

बरं, अर्धं खरं काय ते पण सांगतो, नाहीतर म्हणाल मामा एका बाजूचा. कागदावर "सोडून दिली, स्वाधीन केली" अशी भाषा आहे, नाही असं नाही. आणि एक पळवाट पण आहे, की वस्ती, खाणी, लाकूडतोड, व्यापार "किंवा इतर कारणांसाठी" सरकार वेळोवेळी तुकडे घेऊ शकेल. सरकारं शंभर वर्षं याच शेपटाला धरून बसली होती. आज एक तुकडा, उद्या एक तुकडा, प्रत्येक तुकडा एवढासाच, तुम्हाला काय बाकीचं रान मोकळं आहे की.

ते रान किती मोकळं राहिलं याचा हिशोब शेवटी कोर्टात झाला. 29 जून 2021, ब्रिटिश कोलंबिया सुप्रीम कोर्ट, "याही विरुद्ध ब्रिटिश कोलंबिया" (याही हे आडनाव आहे). फोर्ट सेंट जॉनच्या उत्तरेच्या ब्लूबेरी रिव्हर फर्स्ट नेशनची केस (फर्स्ट नेशन किंवा नुसतं नेशन म्हणजे इथला आदिवासी समाज). एवढं एक जजमेंट वाचा, बाकी काही वाचू नका. त्यांच्या मुलखाचा 85 टक्के भाग कुठल्या ना कुठल्या औद्योगिक खुणेपासून, म्हणजे रस्ता, गॅसची विहीर, पाइपलाइन, तोडलेलं जंगल, 250 मीटरच्या आत आलेला. जज एमिली बर्क यांनी सरळ सांगितलं की तुकडे घ्यायचा हक्क अमर्याद नाही, इतकं घेतलंत की लोकांना आपल्या पद्धतीने जगताच येत नाही, तर तो ट्रीटीचा भंग आहे, आणि प्रांताने तो केलाय. आता असल्या परवानग्या देणं थांबवा, सहा महिन्यांत बोलणी करा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रांत सरकारने अपीलच केलं नाही. ज्या सरकारने साईट सी बांधलं त्याच सरकारने. अपील करायचं नाही हे तेव्हाचे ॲटर्नी जनरल डेव्हिड ईबी यांनीच जाहीर केलं, जे पुढे मुख्यमंत्री झाले. जमीन खरंच "विकलेली" असती तर जिंकता येणारी केस कोणी अशी सोडतं का हो?

(केस साईट सीवर नव्हती, सगळ्याची मिळून होती, हे मान्य. पण "विकली" हा मुद्दा तिथे संपतो.)

मग "कोर्टात सपाटून हरले"चं काय? हरले, खरंय. प्रॉफेट रिव्हर आणि वेस्ट मोबर्ली या दोन नेशन्सनी 2014 च्या मंजुरीला आव्हान दिलं, प्रांताच्या कोर्टात पण आणि फेडरल कोर्टात पण, आणि 2017 मध्ये ओटावाच्या, म्हणजे देशाच्या सुप्रीम कोर्टाने ऐकायलाच नकार दिला. पण हरले कशावर ते बघा की. कोर्टाचं म्हणणं असं होतं की पर्यावरण मंजुरी देणाऱ्या मंत्र्यांनी ट्रीटी मोडतेय की नाही हे ठरवण्याची गरज नव्हती, तो वेगळ्या खटल्याचा विषय. म्हणजे ट्रीटी मोडली नाही असं कोणी म्हटलंच नाही, प्रश्न पुढच्या खिडकीवर ढकलला. सरकारी ऑफिसात चकरा मारलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. मग त्यांनी 2018 मध्ये तो वेगळा खटला भरला. काम थांबवायला जजने नाही म्हटलं पण पाणी भरायच्या आत खटला संपवा असं सांगितलं, आणि तो निकालापर्यंत गेलाच नाही. प्रॉफेट रिव्हरने 2020 मध्ये आणि वेस्ट मोबर्लीने 2022 मध्ये साईट सीपुरती तडजोड केली.

इथेच फॉरवर्डवाला ओरडतो, बघा पैसे घेतले! अरे, पण कधी? 2015 पासून बांधकाम चालू, 8.775 अब्ज डॉलरचं धरण 2021 पर्यंत 16 अब्जांवर गेलेलं, दरी उकरून झालेली. त्या वेळी सही करणं म्हणजे संमती असेल तर आपल्याकडे चेक घेणारा प्रत्येक धरणग्रस्त स्वखुशीने बुडाला म्हणायचं. काही नेशन्सनी आधीच करार केले होते हे मी नाकारत नाही, त्यांचा त्यांचा विचार असेल. पण "सगळे पैशासाठीच भांडत होते" हे त्यातून कसं निघतं मला कळत नाही.

आता "तिथे कोणी राहतच नव्हतं". हा मुद्दा वाचून मला खरं तर रागच आला. साईट सी हे पीस नदीवरचं तिसरं धरण. पहिलं डब्ल्यू. ए. सी. बेनेट धरण, 1960 च्या दशकातलं. त्याच्यामागे विलिस्टन जलाशय भरला आणि वर राहणारे त्से के डेने आणि क्वाडाचा लोक, ज्यांना कोणी धड विचारलंसुद्धा नव्हतं, त्यांची घरं, सापळ्यांच्या वाटा, पूर्वजांची थडगी पाण्यात गेली. आणि हे लोक तर ट्रीटी 8 मध्ये नव्हतेच! म्हणजे "विकली" म्हणायला फॉरवर्डवाल्याकडे कागदाचा कपटाही नाही. 2016 मध्ये खुद्द बीसी हायड्रोने, म्हणजे प्रांताच्या सरकारी वीज कंपनीने, त्या धरणाच्या परिणामांबद्दल माफी मागितली. तेव्हा त्याच नदीवर खाली साईट सीचं काम जोरात चालू होतं. माफी वरच्या धरणाची, बुलडोझर खालच्या.

आणि वीज फुकट म्हणे! त्या विलिस्टनच्या उत्तर टोकाकडची या लोकांची दोन गावं, ज्यांच्या मुलखाच्या पाण्यावर अख्ख्या प्रांताचे हीटर चालतात, ती मेन ग्रिडला जोडलेलीच नव्हती. डिझेल जनरेटरवर गाव चालवलं त्यांनी. धरणाच्या पाण्याशेजारी डिझेल! दिव्याखाली अंधार ही म्हण आपल्या कोयनेसाठीच झालीय असं मला वाटायचं. टॅक्सचं पण तसंच, सूट आहे ती रिझर्व्हवर (आदिवासींसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर) कमावलेल्या पैशावर, रिझर्व्हवर घेतलेल्या वस्तूंवर आणि तीही स्टेटस असलेल्यांनाच, म्हणजे सरकारी यादीत आदिवासी म्हणून नोंद असलेल्यांनाच. तुझ्या मोटेलात काम करणाऱ्या डेन-झा पोराच्या पगारातून तुझ्यासारखाच टॅक्स कापला जातो, त्याची पे स्लिप बघ.

हिरव्या ऊर्जेबद्दल जास्त बोलत नाही. 1,100 मेगावॅट, कोळशापेक्षा कार्बन कितीतरी कमी, मान्य. पण 83 किलोमीटर लांब जलाशय भरला की बुडालेल्या मातीतून आणि झाडोऱ्यातून पारा माशांत उतरतो आणि मासे खाणारा माणूस कोण ते वेगळं सांगायला नको. विलिस्टनमधल्या बुल ट्राउट माशाबाबत जपून खा असा सरकारी इशारा कित्येक वर्षं आहे. मासेमारीचा हक्क कागदावर शाबूत, फक्त मासा खायचा नाही.

आता राहिला तो फोटो. ताई, तू पण बघ नीट. साईट सी मातीचं धरण आहे. फॉरवर्डमध्ये सहा वक्र दरवाजे उघडलेलं दगडी काँक्रीटचं धरण दिसतंय आणि मागे सह्याद्री. ती कोयना आहे. नेटवर "डॅम" टाकून पहिला दिसला तो चिकटवला असणार. अण्णा सात वर्षांचे होते बामणोलीच्या पलीकडचं आपलं गाव उठलं तेव्हा, आणि पर्यायी जमिनीसाठी आजोबांच्या चपला झिजल्या ते तूच मला सांगायचीस. भाच्याला माहीत नसेल. त्याला फोन करून सांग की त्या फोटोत उजवीकडे जे पाणी दिसतंय ना, त्याच्याखाली त्याच्या पणजीची चूल आहे.