सहा कट्टे विकले अन् तूर वाढली

'गुणोत्तराच्या गणितात क्ष मानू नका, 3 सेकंदांत उत्तर!' हा मेसेज भरतीच्या ग्रुपांवर फिरतो आहे. फिरू दे म्हटलं. पण परवा पोलीस भरतीचा अभ्यास करणारी भाची माझं गणित पाहून म्हणाली, "मामा, आता क्ष कायले मानता?" तेव्हा डोकं सटकलं.

मेसेजातली युक्ती अशी: दोन्ही गुणोत्तरांतला फरक सारखा करा आणि किती भाग वाढले ते पाहा. उदाहरण वयाचं. आज 3:5, 6 वर्षांनी 2:3. 2:3 चं 4:6 केलं. 3 चे 4 झाले, म्हणजे एक भाग 6 वर्षांचा. वयं 18 आणि 30. हे बरोबर आहे, नाही कशाला म्हणू? दोघांचीही वयं सारखीच वाढतात, म्हणून फरक हलत नाही. पण खाली लिहिलंय, 'कोणत्याही गणिताला चालते'.

चालवा मग. घरात तूर आणि हरभऱ्याचे कट्टे 5:3. तुरीचे 6 विकले, हरभरा तसाच. आता 4:3. युक्तीप्रमाणे 4:3 चं 8:6 करायचं. तुरीच्या 5 भागांचे 8 झाले, 3 भाग म्हणजे 6 कट्टे, एक भाग 2. म्हणजे आधी तूर 10 कट्टे, आणि 6 विकल्यावर 16! हात न लावलेला हरभराही 6 चा 12. असा अडत्या कुठं बसतो सांगा बाप्पा, उद्याच ट्रॅक्टर भरून नेतो.

आता क्ष माना. तूर 5क्ष, हरभरा 3क्ष. विकल्यावर (5क्ष − 6) : 3क्ष = 4 : 3. तिरकस गुणाकार, 15क्ष − 18 = 12क्ष, म्हणून क्ष = 6. तूर 30, हरभरा 18. 6 विकून 24:18, म्हणजे 4:3. झालं.

'क्ष मानणं ही इंग्रजांची पद्धत, आपल्या पूर्वजांना लागली नाही' हा तर कहर. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास बीजगणितावर अख्खा ग्रंथ लिहिला. त्यात अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हणतात. आणखी अज्ञात असतील तर कालक, नीलक, पीतक, चक्क रंगांची नावं. इंग्रज तेव्हा कुठं होते?

वेळेचं म्हणाल तर 90 मिनिटांत 100 प्रश्न, घाई असतेच. वयाच्या गणिताला वापरा ती युक्ती.

कट्ट्यांचं गणित भाचीनं त्याच ग्रुपवर टाकलं. लगेच एकाचं उत्तर आलं: 10 आणि 6.