मासा कुठाय?

परवापासून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमधल्या निदान चार मराठी घरांत माझी नोकरी गेलेली आहे. नोकरी शाबूत आहे. मी फक्त ऑफिस सुटल्यावर बागेच्या हिरवळीवर मासेमारीचा नऊ फुटी रॉड घेऊन उभा असतो, पाण्याचा थेंबही नसताना त्याची लाइन, म्हणजे दोर, मागे-पुढे फेकतो आणि मोठमोठ्याने बोलतो.

मला फ्लाय कास्टिंगचा, म्हणजे माशीसारखं हलकं आमिष लावलेली लाइन फेकण्याचा, प्रशिक्षक व्हायचंय. फ्लाय फिशर्स इंटरनॅशनल ही १९६५ सालची अमेरिकी संस्था १९९२ पासून त्याची रीतसर परीक्षा घेते. आधी लेखी पेपर, मग मैदानात प्रात्यक्षिक, आणि कास्ट नुसता करून भागत नाही, तो शिकवणार कसा हेही बोलून दाखवावं लागतं. म्हणून ती बडबड. टोकाला गळसुद्धा नसतो, रंगीत लोकरीचा तुकडा असतो.

बे एरियात उन्हाळ्यात मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील संध्याकाळी बागेला फेऱ्या मारतात. त्यातले एक काका माझ्यापाशी थांबले. पांढरे स्नीकर्स, हात पाठीमागे. मूळचे चिपळूणकडचे.

"गरवताय होय?"

"सराव करतोय, काका."

"मासा कुठाय?"

इथे जरा तांत्रिक सांगायला हवं. साध्या गळाला शिसं बांधलेलं असतं, ते भिरकावलं की दोर मागोमाग जातो. आमच्यात वजन असतं ते लाइनलाच. पाच नंबरच्या लाइनचे पहिले तीस फूट म्हणजे १४० ग्रेन, सुमारे नऊ ग्रॅम. ती मागे फेकली की हवेत पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं, मगच पुढे. बिल आणि जे गॅमल या बापलेकांनी कास्टिंगची जी पाच तत्त्वं सांगितली, त्यात हा थांबा आहे. लाइन जितकी लांब, तितका तो लांब.

काका प्रश्न नेमका त्या थांब्यात विचारायचे.

"आणि मिळाला तर?" लाइन माझ्या पाठीमागे ढासळली.

"सोडून देतो."

"सोडून?" ते दोन पावलं पुढे आले. "म्हणजे मासा नाही तिथे गरवायचं, मिळालाच तर सोडायचा, आणि हे शिकवायला परीक्षा?"

"मासा पकडायची नाही, फक्त लाइन टाकायची परीक्षा."

"फी?"

सांगितली. काकांनी मनातल्या मनात डॉलरच्या भावाने गुणलं असावं, कारण तिथपासून मी 'अहो'चा 'अरे' झालो. "अरे, आमच्या वाशिष्ठीत पोरं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून पाग टाकतात, फेकायचं जाळं. गोल उघडतो, असा. त्यांना कुणी सर्टिफिकेट दिलं नाही. घरी संध्याकाळी कालवण असतं."

मी सॅन फ्रान्सिस्कोचा दाखला दिला. तिथल्या गोल्डन गेट पार्कात १९३० च्या दशकापासून खास कास्टिंगसाठी बांधलेले तीन हौद आहेत, असं जरा अभिमानानेच सांगितलं.

"मासे कुठले त्यात?"

"मासे नाहीत."

काका बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग खांद्यावर हात ठेवून, आवाज उतरवून म्हणाले, "ले-ऑफ झालाय का रे? लपवू नकोस. इथे सगळ्यांचंच चाललंय."

मी नाही म्हटलं. ते जितकं ठासून म्हटलं, तितकी त्यांची खात्री पटत गेली. मुलगा मॅनेजर आहे, रेझ्युमे पाठव, म्हणाले. पुढच्या फेरीला काकूंना घेऊन आले आणि बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हलक्या आवाजात माझी केस समजावू लागले. रात्री बायकोला फोन आला, "काही लागलं तर सांग हं." दुसऱ्या दिवशी काकूंनी शिऱ्याचा डबा आणला. शिरा उत्तम होता, केळं घातलेला. राग तरीही आहे.

कारण त्याच हिरवळीच्या पलीकडच्या टोकाला एक गृहस्थ चेंडूशिवाय गोल्फची काठी हवेत फिरवत असतात. त्यांना कोणी शिरा देत नाही. गोल्फ म्हणजे प्रमोशनची तयारी, मॅरेथॉन म्हणजे शिस्त, पोरांना बुद्धिबळाला नेलं तर संस्कार. चाळिशीतल्या माणसाने स्वतःच्या आनंदासाठी काही नीट, परीक्षा देण्याइतकं नीट शिकायला घेतलं की आपल्याकडे दोनच निदानं: नोकरी गेली, नाहीतर घरी भांडण. आणि हे विचारणारे सगळे निवृत्त! वेळ कसा घालवायचा म्हणून दिवसाला बागेच्या आठ फेऱ्या मारणारे!

असो. परीक्षेत एक विचित्र प्रकार आहे. टेलिंग लूप नावाचा दोष मुद्दाम करून दाखवावा लागतो. जोर भलत्या ठिकाणी लागला की रॉडचं टोक खाली झुकतं, लूपची, म्हणजे हवेतल्या लाइनच्या वळशाची, वरची बाजू खालचीला ओलांडते आणि पुढच्या बारीक दोऱ्याला गाठ बसते. बहुतेक जण मग वाऱ्याला शिव्या देतात. एरवी हा दोष फुकट होतो. "आता करून दाखवा" म्हटलं की लूप सुंदर निघतो. माझा टेलिंग लूप हमखास एकाच वेळी होतो, काकांनी बाकावरून "हा बरा होता" म्हटल्यावर.

त्यांचं परतीचं तिकीट माझ्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यातलं आहे. पुढे ढकलता येईल का, हे त्यांच्या मॅनेजर मुलाला कोणत्या तोंडाने विचारू?