जेत्यांनी आपली भाषा सोडली तेव्हा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. उत्तराला चार दिवस लागले, कारण तुमच्या एका मुद्द्यासाठी मला माझाच लेख पुन्हा तपासावा लागला. मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सॅक्सन, डेन (डेन्मार्ककडचे व्हायकिंग) आणि नॉर्मन (फ्रान्सच्या नॉर्मंडीतले) अशा इंग्लंडवर एकामागून एक आलेल्या लाटांनी सुरुवातीची इंग्रजी कशी घडवली, यावर मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. "आक्रमणांनी इंग्रजी समृद्ध झाली" हे माझं वाक्य म्हणजे लुटारूंचे आभार मानणं आहे, हा पहिला. इंग्रजीला स्वतःचं काही उरलंच नाही, ती उसनवारीवर जगणारी खिचडी आहे, हा दुसरा. आणि फारसीने मराठीचं तेच केलं, आता इंग्रजी तेच करते आहे, नि माझ्यासारखे लोक त्याला संगम म्हणतात, हा तिसरा.

पहिला आक्षेप मला मान्य आहे. ते वाक्य मी काढते आहे. 793 मध्ये व्हायकिंग धाडीत लिंडिसफार्नच्या मठात कापले गेलेले भिक्षू कोणाच्याही शब्दसंग्रहासाठी मेले नाहीत. 13 नोव्हेंबर 1002 ला राजा एथेलरेडने आपल्या राज्यातल्या डेन लोकांना मारायचा हुकूम दिला. ऑक्सफर्डमध्ये काही जण जीव वाचवायला चर्चमध्ये शिरले, तेव्हा लोकांनी चर्चच पेटवून दिलं. राजाने हे दोन वर्षांनी त्याच चर्चला दिलेल्या सनदेत स्वतः नोंदवून ठेवलं आहे. आणि 1069-70 च्या हिवाळ्यात नॉर्मन राजा विल्यमने उत्तर इंग्लंड असं जाळलं, की 1086 च्या डूम्सडे या जमीन-नोंदवहीत यॉर्कशायरच्या गावांपुढे ओळीने 'ओसाड' असा शेरा येतो. आपल्या महसुली दप्तरात 'बेचिराख गाव' लिहितात, तसा. या सगळ्यावर 'समृद्ध' हा शब्द ठेवणं चूक होतं.

पण तुम्ही आणि मी, दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली होती: आक्रमण झालं, म्हणून शब्द आले. हे तपासायला बसले आणि तिथेच अडकले. ब्रिटनमध्ये 600-700 वर्षांत तीन मोठी आक्रमणं झाली आणि तिन्हींचा भाषेवरचा परिणाम अगदी वेगवेगळा आहे. तलवार तिन्ही वेळा होती. फरक कशाने पडला?

पहिलं घ्या. रोमन फौजा 410 च्या सुमारास गेल्या. पुढे अँगल, सॅक्सन, ज्यूट आले. आठव्या शतकात इतिहास लिहिणारा भिक्षू बीड त्यांचं येणं 449 च्या आसपासचं धरतो. तिथे आधी राहणारे ब्रिटन लोक केल्टिक भाषा बोलत. त्यांच्या भाषेतून इंग्रजीत काय आलं? नद्यांची नावं, डोंगर-दऱ्यांचे काही शब्द, बाकी जवळजवळ काही नाही. एव्हन नावाच्या नद्या इंग्लंडमध्ये कितीतरी आहेत, आणि केल्टिकमध्ये 'एव्हन' म्हणजे नुसतं 'नदी'. नव्या माणसाने बोट दाखवून विचारलं असेल, हे काय? समोरच्याने सांगितलं, नदी. ते नाव होऊन बसलं. एवढ्या मोठ्या संपर्कातून एवढंच, कारण ब्रिटन लोकांनी हळूहळू स्वतःची भाषा टाकली आणि धन्याची उचलली. धन्याची भाषा शिकणारा माणूस तिच्यात आपले शब्द घालायला जात नाही, तो ते लपवतो. सॅक्सन त्यांना 'वेआल्ह' म्हणत, म्हणजे परका. पुढे त्याच शब्दाला 'गुलाम' हाही अर्थ आला. 'वेल्श' हे नाव त्यातूनच आलं. आपल्याच मुलखात ते परके ठरले.

दुसरं आक्रमण डेन लोकांचं. 865 ला मोठं सैन्य उतरलं, 866 ला यॉर्क पडलं, 878 ला एडिंग्टनच्या लढाईत दक्षिणेकडच्या वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याने त्यांना थोपवलं आणि देश दोन भागांत वाटला गेला. पण हे लोक जमिनी घेऊन राहिले, नांगराला लागले. डर्बी, व्हिटबी, ग्रिम्सबी या नावांतला शेवटचा 'बी' म्हणजे नॉर्स या डेन लोकांच्या भाषेतलं 'गाव'. अशी सहाशेहून जास्त गावं इंग्लंडमध्ये आहेत. आपल्या हाउसिंग सोसायटीच्या 'बायलॉज'मधला 'बाय' बहुधा तोच, गाव. 'लॉ' तर नक्कीच नॉर्स.

त्यांनी दिलेले शब्द पाहिले तर लढाईचा वास कुठेच येत नाही. एग, स्किन, स्काय, नाइफ, गिव्ह, गेट, टेक, सेम, बोथ. 'हस्बंड' म्हणजे घर धरून राहिलेला शेतकरी. 'विंडो' म्हणजे वाऱ्याचा डोळा. आपला 'गवाक्ष' हा गाईचा डोळा, तेव्हा खिडकीला डोळा म्हणायची कल्पना दोन्हीकडे सुचलेली दिसते. हे शब्द घरात, गोठ्यात, चुलीपाशी बोलले जाणारे आहेत. आणि 'दे, देअर, देम' ही सर्वनामंही त्यांचीच. जुन्या इंग्रजीत 'हे' म्हणजे तो, 'हेओ' म्हणजे ती आणि 'हीए' म्हणजे ते. उच्चार झिजत जाऊन तिन्ही जवळजवळ सारखेच ऐकू यायला लागले, तेव्हा शेजाऱ्याचं 'दे' कामी आलं. ते उत्तरेकडून दक्षिणेला अगदी सावकाश सरकलं. 14व्या शतकाच्या अखेरीस लंडनचा कवी चॉसर 'दे' लिहितो, पण 'देअर' आणि 'देम'च्या जागी त्याच्याकडे अजून जुनी इंग्रजी रूपंच आहेत. 'एग'ला तर त्याहून वेळ लागला. कॅक्स्टन हा छापखानेवाला 1490 मध्ये एक हकीकत सांगतो. काही व्यापारी वाऱ्याची वाट बघत केंटच्या किनाऱ्याला थांबले होते. एकाने एका घरी जाऊन 'एग्ज' मागितली. बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं. मग दुसऱ्या कोणी 'आयरन' म्हटलं, तेव्हा तिला कळलं. 'आयरन' हे अंड्यांचं जुनं इंग्रजी अनेकवचन.

आता तुमच्या 'भ्रष्ट' या शब्दाकडे येते. डेन लोकांमुळे इंग्रजीचं व्याकरण भ्रष्ट झालं, विभक्ती गेल्या, असं तुम्ही म्हणता. उत्तर यॉर्कशायरमध्ये कर्कडेल नावाची जागा आहे. तिथल्या छोट्या चर्चच्या दारावर एक दगडी सूर्यघड्याळ बसवलेलं आहे आणि त्यावर जुन्या इंग्रजीत लेख कोरलेला आहे. त्याचा मराठीत अर्थ असा: "ऑर्म, गामलचा मुलगा, याने सेंट ग्रेगरीचं मठ-चर्च विकत घेतलं तेव्हा ते पार मोडून पडलेलं होतं, आणि त्याने ते पायापासून नव्याने बांधवून घेतलं, ख्रिस्तासाठी आणि सेंट ग्रेगरीसाठी, राजा एडवर्डच्या दिवसांत आणि अर्ल टॉस्टिगच्या दिवसांत." टॉस्टिग 1055 ते 1065 या काळात तिथला अर्ल (राजाच्या वतीने प्रांत सांभाळणारा सरदार) होता, म्हणजे लेख त्या दहा वर्षांतला, विल्यम येण्याच्या आधीचा.

अनुवाद करताना मी 'चा' आणि 'च्या' घातले आहेत. मुळात ते नाहीत. दगडावर अक्षरशः 'ऑर्म गामल मुलगा' असं आहे. वेसेक्सच्या एखाद्या लेखनिकाने 'गामलेस' असं षष्ठीचं रूप लिहिलं असतं. 'एडवर्डच्या दिवसांत'च्या जागीही 'इन एडवर्ड डागम किनिंग' आहे, म्हणजे 'एडवर्ड दिवसांत राजा'. 'एडवर्ड'लाही षष्ठी नाही, 'किनिंग'लाही नाही. 'डागम'ला मात्र जुना प्रत्यय शाबूत आहे. एका दगडावरून सिद्धांत मांडायचा नसतो, हे मला कळतं. पण भाषा झिजताना प्रत्यक्ष दिसावी असे पुरावे फार थोडे उरले आहेत, आणि हा त्यातला एक आहे.

हे का झालं असेल? इंग्रजी आणि नॉर्स या सख्ख्या नसल्या तरी चुलत बहिणी होत्या. घराला दोन्हीकडे 'हूस', जमिनीला दोन्हीकडे 'लांड'. शब्दांचं मूळ कळत होतं, अडत होतं ते शेवटच्या प्रत्ययांपाशी. मालवणी आणि वऱ्हाडी माणूस बाजारात भेटले तर कुठे अडखळतील ते आठवून पाहा. त्यात इंग्रजीचा आघात शब्दाच्या सुरुवातीवर, त्यामुळे शेवट आधीच पुटपुटल्यासारखे झाले होते. ही झीज इंग्रजीच्या अंगातलीच होती. डेन शेजारामुळे ती उत्तरेत लवकर आणि जोराने झाली, असं मला वाटतं. त्याला भ्रष्ट म्हणायचं तर संस्कृतच्या विभक्ती झिजून आपले 'ला', 'ने', 'चा' उभे राहिले, त्यालाही भ्रष्ट म्हणावं लागेल, आणि ज्ञानेश्वरांची भाषा त्यातच मोडेल.

तिसरं आक्रमण 1066 चं. इथे माझी दुसरी चूक आहे आणि ती तुम्ही बरोबर पकडलीत. विल्यम आला आणि फ्रेंच शब्दांचा पूर आला, असं मी एका दमात लिहून गेले होते. तसं घडलेलं नाही. विल्यमने सत्ता, जमीन, चर्च सगळं आपल्या माणसांना दिलं. 1087 ला तो मेला तेव्हा इंग्रज बिशप एकच उरला होता, वुस्टरचा वुल्फस्टन. पण भाषा? पीटरबरोच्या मठात इंग्रजीतली बखर 1154 पर्यंत लिहिली जात होती. तिच्यात 1137 च्या नोंदीखाली राजा स्टीफनच्या काळातल्या हालांचं वर्णन आहे. सरदारांनी मुलूख गढ्यांनी भरून टाकला, पैशासाठी माणसांना कोंडून छळलं, लोक उघड म्हणत की ख्रिस्त आणि त्याचे संत झोपले आहेत. या मजकुरात फ्रेंच शब्द मोजकेच आहेत. त्यातले दोन पाहा: 'कास्टल' आणि 'प्रिझुन'. किल्ला आणि तुरुंग. आक्रमणाने थेट दिलेले शब्द असे असतात, आणि नव्वद वर्षांत तेही थोडेच.

पूर आला तो 1250 नंतर, आणि 1400 पर्यंत राहिला. 1204 मध्ये राजा जॉनच्या हातून नॉर्मंडी गेली. खाडीपलीकडच्या जमिनी गेल्या आणि सरदारांना एकच देश उरला. त्यांच्या मुलांना सांभाळणाऱ्या दाया इंग्रज, नोकर इंग्रज, दोन-तीन पिढ्यांनी बायकाही इंग्रज. ती मुलं इंग्रजीच बोलू लागली. 1362 मध्ये न्यायालयात इंग्रजी बोलावी असा कायदा झाला, आणि तो कायदा लिहिलेला होता फ्रेंचमध्ये. ज्या काळात हे लोक फ्रेंच सोडत होते, त्याच काळात फ्रेंच शब्द हजारोंनी इंग्रजीत उतरले. कायदा, स्वयंपाक, कापड, चित्र, प्रेम या सगळ्याचे शब्द त्यांच्या तोंडी फ्रेंचच होते. भाषा टाकली, शब्द बरोबर आणले. गोठ्यात इंग्रजी 'काउ' आणि ताटात फ्रेंच 'बीफ' ही गोष्ट तुम्ही दिली आहे. ती सांगायला सोपी आहे, पण पुढची कित्येक शतकं 'बीफ' हा शब्द जिवंत जनावरालाही वापरत होते. धन्याच्या ताटाची आणि कुळाच्या गोठ्याची वाटणी तेव्हा इतकी चोख नव्हती.

तेव्हा तुमच्या प्रतिक्रियेमुळे मी ज्या मतावर आले, ते असं. जेत्याने भाषा लादली म्हणून इंग्रजी मिश्र झाली नाही. ती मिश्र झाली ती जेत्यांनी आपापली भाषा सोडून इंग्रजी उचलली तेव्हा. सॅक्सनांनी आपली सोडली नाही, म्हणून ब्रिटनांचे शब्द आले नाहीत. डेन लोकांनी सोडली, 'दे' आणि 'टेक' मागे राहिले. नॉर्मनांनी सोडली, शब्दकोशाचा मोठा हिस्सा मागे राहिला. खिचडी म्हणायचं तर म्हणा, पण वाक्याचा कणा पाहा: आय, यू, ही, हाउस, वॉटर, ईट, ड्रिंक, मदर, ब्रदर. हे सगळं जुन्या इंग्रजीचं आहे, नांगरणाऱ्यांनी आणि दायांनी टिकवलेलं.

मराठीबद्दल. फारसीचे शब्द आपल्याकडे आले ते मोठ्या प्रमाणात दरबारी आणि महसुली: सरकार, फौज, वसूल, जमीन, वकील. वर मी वापरलेला 'बेचिराख'सुद्धा. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राजव्यवहारकोश करवून घेतला तो कारभारातल्या अशाच शब्दांना पर्याय म्हणून. पण मी, तू, तो, आम्ही यांना फारसीचा हात लागलेला नाही. 'आपण' आणि 'आम्ही' हा भेद आपण अजून रोज करतो. म्हणून 'फारसीने मराठी संपत आली होती' हे मला पटत नाही. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाची कॉर्निश ही केल्टिक भाषा मेली, ती परके शब्द घेऊन नाही. घराघरांत मुलांशी इंग्रजीत बोलायला सुरुवात झाली, आणि तिची शेवटची मानली जाणारी बोलणारी, मासळी विकणारी डॉली पेंट्रीथ, 1777 ला वारली. इंग्रजीच्या आजच्या दबावाची तुम्हाला वाटणारी काळजी मलाही वाटते. फक्त ती मी 'टेबल' आणि 'मोबाइल' या शब्दांत शोधत नाही, घरातल्या बोलण्यात शोधते.

लेखातली दोन्ही वाक्यं दुरुस्त केली आहेत आणि खाली तुमच्या प्रतिक्रियेमुळे बदल केल्याचं नोंदवलं आहे. कर्कडेलच्या दगडावरची एक ओळ मूळ लेखात द्यायची राहिली होती, ती आता घातली आहे. घड्याळ स्वतःच बोलतं आहे अशी ती ओळ आहे: "हावर्थने मला घडवलं, आणि ब्रँड या पाद्र्याने." ऑर्म, गामल, हावर्थ, ब्रँड, चौघांचीही नावं नॉर्स आहेत, आणि 'मला'साठी दगडावर 'मे' आहे, आजच्या इंग्रजीतला 'मी'.