आयटीत जमेल का? एक सोमवार काढा

ॲप्टिट्यूड टेस्टवाल्यांना पैसे देऊ नका. ते तुम्हाला मनातल्या मनात ठोकळे फिरवायला लावतात आणि शेवटी रंगीत कागदावर 'आपला कल तंत्रज्ञानाकडे आहे' असं छापून देतात. सिव्हिलचा, मेकॅनिकलचा आणि इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर जिथे अखेर एकाच कंपनीच्या बसमध्ये शेजारीशेजारी पेंगतात, तिथे कल पाहून काय करायचंय? मी फुकटात परीक्षा सांगतो.

एखाद्या सोमवारी, शक्यतो जुलैत, सकाळी नऊच्या सुमारास दुचाकी काढा आणि पुण्यात वाकडहून भूमकर चौकातून हिंजवडी आयटी पार्कच्या फेज तीनला जाऊन या. वाटेत वैताग आला, 'हे काय आयुष्य आहे' असा विचार मनाला शिवला, तर लगेच स्पर्धा परीक्षांचा क्लास लावा. पण गुडघाभर पाण्यात एक पाय टेकवून, हेल्मेटच्या आत इअरफोन कोंबून, म्यूटवर 'स्टॅण्डअप' नावाची रोजची मीटिंग ऐकता आली आणि नाव पुकारल्यावर 'नो ब्लॉकर्स फ्रॉम माय साइड', म्हणजे माझं काम कशानेही अडलेलं नाही, असं म्हणता आलं, तर तुमचा जन्मच यासाठी झालाय. समोरचा टँकर हा ब्लॉकर धरत नाहीत.

लोकांचा समज असा की या क्षेत्राला डोकं लागतं. डोकं लागतं, पण पहिल्या मुलाखतीपुरतं. नंतर लागतं ते थांबता येणं. हिंजवडी ते शिवाजीनगर या २३ किलोमीटरच्या मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं. त्या महिन्यात फ्रेशर म्हणून चिकटलेला मुलगा खांब मोजत मोजत टीम लीड झाला, मॅनेजर झाला, मध्येच बापही झाला. अशी माणसं हवी आहेत.

थांबण्याचा सराव कंपनी स्वतः करून घेते. ट्रेनिंग संपलं की तुम्ही 'बेंच'वर येता. शाळेत बाकावर उभं करत, इथे बसवतात, एवढाच फरक. सुरुवातीला मजा वाटते. पगार चालू, काम नाही, कॅन्टीनच्या मेन्यूचा गाढा अभ्यास होतो. दुसऱ्या महिन्यात मात्र एचआरच्या प्रत्येक 'हाय' मध्ये निरोप समारंभ दिसू लागतो. मग मिळेल तो प्रोजेक्ट घेता. चार वर्षं काँक्रीट शिकलेला मुलगा अमेरिकेतल्या कुठल्याशा विमा कंपनीच्या फॉर्ममधलं बटण हिरवं होतं की नाही हे तपासू लागतो. होतं. रोज होतं.

आता पॅकेजबद्दल. पॅकेज हा आकडा आत्यासाठी असतो. घरमालकासाठी इन-हॅण्ड असतो. पहिल्याला सीटीसी म्हणतात, म्हणजे कंपनीला तुम्ही पडता तो सगळा खर्च, आणि दोघांच्या मध्ये दरी असते. मालकाने भरायचा बेसिकच्या १२ टक्के पीएफ तुमच्याच पॅकेजात मोजलेला असतो. मेडिक्लेमचा हप्ता तिथेच. व्हेरिएबल, म्हणजे कंपनीची मर्जी, तिथेच. आणि ग्रॅच्युइटीसुद्धा, जी हातात पडायला सहसा पाच वर्षं एका ठिकाणी टिकावं लागतं. तीन वर्षांत तिसरी कंपनी धरणाऱ्यांच्या पत्रातही ती नेमाने छापतात. मोठ्या कंपन्यांत फ्रेशरचं पॅकेज २०१० च्या आसपास तीन-सव्वातीन लाख होतं आणि दहा वर्षांनंतरही साडेतीनच्या आगेमागेच घुटमळत होतं. मधल्या काळात फक्त वडापाव वाढला.

वेळ पाळता येते का? तुमची नव्हे, न्यूयॉर्कची. तिथले सकाळचे साडेनऊ म्हणजे हिवाळ्यात आपले रात्रीचे आठ आणि उन्हाळ्यात संध्याकाळचे सात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडे घड्याळ एक तास पुढे जातं आणि इकडे कोथरूडमधल्या घरात कुकर लावायची वेळ बदलते. सासूबाईंना हे समजावणं जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकण्यापेक्षा अवघड आहे. सणांचंही तसंच. त्यांच्या थँक्सगिव्हिंगला कोडला हात लावायचा नसतो, फ्रीझ असतो. लक्ष्मीपूजनाला फ्रीझ नसतो. एका हातात निरांजन, दुसऱ्या हातात लॅपटॉप धरून सर्व्हर पुन्हा चालू करणारी माणसं मी पाहिली आहेत. लक्ष्मी नेमकी कुठल्या हाताला प्रसन्न झाली ते कळलं नाही.

ललित लेखनाची हौस असेल तर सोन्याहून पिवळं. दर शुक्रवारी टाइमशीट भरायची असते. सोमवार आठ, मंगळवार आठ, असे चाळीस तास. प्रत्यक्षात बारा बसलात तरी आठच, आणि दोन बसलात तरी आठच. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती म्हणाले की तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. देशभर चर्चा झाली. आमच्याकडे एवढाच प्रश्न पडला की वरचे ३० कुठल्या रकान्यात भरायचे.

परदेशाचं स्वप्न असेल तर थांबण्याची पदव्युत्तर पदवीच मिळते. अमेरिकेत नोकरीसाठी लागणारे एच-वन-बी व्हिसे वर्षाला ८५,००० आणि मागणारे त्याच्या कित्येक पट, म्हणून सोडत. गणिताला घाबरून देवाकडे गेलात तर हैदराबादजवळ चिलकूरचा बालाजी आहे: मागताना ११ प्रदक्षिणा, मिळाल्यावर १०८. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी जाहीर केली. तिच्यावर किती प्रदक्षिणा, हे अजून ठरायचंय.

आणि सोडायचं ठरवलंत तर? नोटीस पिरियड ९० दिवसांचा. तुमच्यावाचून कंपनीचं पान हलत नाही म्हणून इतके दिवस. पण कंपनीने सोडायचं ठरवलं तर अकरा वाजता मीटिंगचं निमंत्रण येतं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत लॅपटॉप तुम्हाला ओळखेनासा होतो. जुलै २०२५ मध्ये देशातल्या सगळ्यात मोठ्या आयटी कंपनीने बारा हजारांवर माणसं कमी करणार असं सांगितलं. म्हणे फक्त दोन टक्के. टक्क्यांत सांगितलं की दुखत नाही; इन्क्रिमेंटही आम्हाला टक्क्यांतच सांगतात.

एवढं असूनही लग्नाच्या बाजारात हा शब्द चालतो, हे मान्य करायला हवं. 'मुलगा काय करतो' या प्रश्नाला आपल्याकडे 'आयटीत असतो' असं उत्तर देतात. मुंबईत असतो, दुबईत असतो, तसा आयटीत असतो. करतो काय, हे पुढे कोणी विचारत नाही. बरंच आहे. सांगता आलं नसतं.

माझे घरमालक हिंजवडीशेजारच्या माण गावचे. त्यांच्या वडिलांनी भात लावला तिथे आता काचेच्या इमारती आहेत, आणि जे थोडे गुंठे विकायचे राहिले त्यावर चार मजले चढवून त्यांनी माझ्यासारखे सोळा इंजिनिअर लावलेत. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, हे मला त्यांनीच शिकवलं. दर पाच तारखेला ते स्वतः भाडं न्यायला येतात. त्यांना कधी स्टॅण्डअप घेताना पाहिलं नाही.

परवा ते मुलाला घेऊन आले. बारावीत आहे. म्हणाले, "सर, याला आयटीत घालायचंय. जरा सांगा याला काही."

मी म्हटलं, "अहो, तुमच्याकडे काय कमी आहे?"

"तसं नाही," ते जरा आवाज खाली आणून म्हणाले, "पुढं सोयरीक जमायला बरं पडतं."

मग मी पोराला माझी परीक्षा सांगितली. सोमवार, नऊ वाजता, भूमकर चौक. पोरगं मोबाईलमधून मान वर करून म्हणालं, "तिथं तर रोज असतो की दादा. कोपऱ्यावरची दोन दुकानं आपलीच हायेत."