‘सोर्समधून कंपाइल केलेलेच सरस’: एका फिरत्या दाव्याचा प्रतिवाद

लिनक्स वापरणाऱ्यांमध्ये गेली काही वर्षे एक मजकूर थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा आशय असा: पॅकेज मॅनेजर (तयार सॉफ्टवेअर उतरवून बसवणारा आणि अद्ययावत ठेवणारा प्रोग्राम) ही नवशिक्यांची सोय आहे आणि जाणत्या माणसाने सॉफ्टवेअर सोर्स कोडमधूनच कंपाइल करावे. असे सॉफ्टवेअर आपल्या प्रोसेसरसाठी बनलेले असल्याने वेगवान असते, दुसऱ्याने तयार केलेल्या बायनरीवर, म्हणजे आधीच कंपाइल केलेल्या फाइलीवर, विसंबावे लागत नसल्याने सुरक्षित असते आणि त्याची आवृत्ती सर्वांत ताजी असते. शिवाय हे सगळे ‘कॉन्फिगर’, ‘मेक’ आणि ‘मेक इन्स्टॉल’ या तीन कमांडमध्ये उरकते.

मी स्वतः अनेक गोष्टी सोर्समधून कंपाइल करतो, आणि तसे करता येणे हा मुक्त सॉफ्टवेअरने आपल्याला दिलेला मोलाचा अधिकार आहे असे मानतो. या मजकुराला सविस्तर उत्तर द्यावेसे वाटले ते त्यामुळेच. सोर्समधून कंपाइल करणे म्हणजे त्या पॅकेजच्या देखभालीचे काम डिस्ट्रोच्या (डेबियन, उबुंटू यांसारख्या लिनक्सच्या तयार वितरणाच्या) माणसांकडून काढून स्वतःच्या अंगावर घेणे होय, आणि नेमकी हीच गोष्ट या मजकुरात कुठेही सांगितलेली नसते.

वेगाचा दावा आधी पाहू, कारण बहुतेकांना मोह पडतो तो त्याचाच. ऑटोकॉन्फ (‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट तयार करणारे साधन) वापरणाऱ्या प्रकल्पात कोणताही पर्याय न देता ‘कॉन्फिगर’ चालवले, तर जीसीसी या कंपाइलरला सहसा ‘-जी -ओ२’ हेच फ्लॅग, म्हणजे सूचना, मिळतात. डेबियनचे पॅकेज बांधतानाही ऑप्टिमायझेशनची (कोड वेगवान करण्याची) पातळी ‘-ओ२’ हीच असते. म्हणजे तीन कमांड चालवून हाती आलेला मशीन कोड डिस्ट्रोच्या बायनरीपेक्षा वेगवान असण्याचे काहीच कारण नसते. उलट डिस्ट्रो त्यासोबत स्टॅकच्या संरक्षणाचे आणि बफरची मर्यादा तपासण्याचे फ्लॅगही देते, जे घरच्या बिल्डमध्ये आपण स्वतः लिहिल्याशिवाय येतीलच असे नाही. सीमेक हे दुसरे बांधणीचे साधन वापरणाऱ्या प्रकल्पांत तर स्थिती याहून वाईट होऊ शकते. बिल्डचा प्रकार सांगितला नाही आणि प्रकल्पाच्या लेखकाने स्वतःहून काही ठरवून ठेवलेले नसले, तर सीमेक ऑप्टिमायझेशनचा कोणताही फ्लॅग देत नाही. ‘आपल्या प्रोसेसरसाठी खास’ म्हणून मिरवलेला प्रोग्राम अशा वेळी मुळात ऑप्टिमाइझच झालेला नसतो.

यावर ‘-मार्च=नेटिव्ह’ हा (याच प्रोसेसरसाठी कोड बनव असे सांगणारा) फ्लॅग दिल्यावर तरी फरक पडतो, असे उत्तर येते. कधीकधी पडतो, आणि ते मान्य केले पाहिजे. आकडेमोडीचे मोठे लूप असलेल्या, कंपाइलरला व्हेक्टर सूचना (एका वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या) वापरता येतील अशा कोडमध्ये हा फ्लॅग लाभदायक ठरतो. मात्र जिथे वेग खरोखर महत्त्वाचा असतो तिथल्या बऱ्याच लायब्ऱ्यांनी ही सोय आधीच करून ठेवलेली आहे. ग्लिबसी (सी भाषेची मूळ लायब्ररी), ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी), एफएफएमपेग (ध्वनी आणि चित्रफितींचे साधन) यांच्या सर्वसाधारण बायनरीमध्ये एकाच कामाची अनेक रूपे असतात आणि प्रोग्राम चालू झाल्यावर समोरचा प्रोसेसर ओळखून त्यांतले योग्य रूप निवडले जाते. उरलेले बहुसंख्य प्रोग्राम डिस्कची, नेटवर्कची किंवा वापरणाऱ्याच्या पुढच्या कळीची वाट पाहत असतात, आणि तिथे कोणताही फ्लॅग कामाला येत नाही. शिवाय असा प्रोग्राम जुन्या प्रोसेसरच्या यंत्रावर नेला, तर तो ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ एवढे बोलून बंद पडण्याची शक्यता असते.

पायथॉनचे उदाहरण जरा जवळून पाहण्यासारखे आहे, कारण ते अनेकांच्या वाट्याला येते. सीपायथॉनचा, म्हणजे पायथॉनच्या मूळ अंमलबजावणीचा, टारबॉल (सोर्सची गठडीबंद फाइल) उघडून साधे ‘कॉन्फिगर’ चालवले की शेवटी एक ओळ छापली जाते, जी बहुतेक जण वाचत नाहीत. सर्व स्थिर ऑप्टिमायझेशन असलेला बिल्ड हवा असेल, तर ‘--एनेबल-ऑप्टिमायझेशन्स’ हा पर्याय द्या, असे तिच्यात लिहिलेले असते. तो पर्याय दिला, की प्रोग्राम आधी एकदा बांधला जातो, चाचण्यांवर चालवून त्यातला कोणता भाग किती वापरला जातो याची नोंद घेतली जाते आणि त्या नोंदीच्या आधारे तो पुन्हा बांधला जातो. प्रमुख डिस्ट्रो हे सव्यापसव्य करूनच पायथॉन देतात. त्यामुळे ती ओळ न वाचता बांधलेला घरचा पायथॉन डिस्ट्रोच्या पायथॉनपेक्षा हळू चालतो. वेगासाठी केलेला खटाटोप असा उलटा पदरात पडतो.

त्याच पायथॉनवरून तीन कमांडच्या दाव्याकडे वळता येते. ओपनएसएसएलची लायब्ररी यंत्रावर आहे, पण तिच्या हेडर फाइलींचे (तिच्याशी जोडून कंपाइल करण्यासाठी लागणाऱ्या) वेगळे पॅकेज बसवलेले नाही, अशी कल्पना करा. ‘मेक’ थांबत नाही. शेकडो ओळी सरकून गेल्यावर काही ऐच्छिक मॉड्यूल बांधता आली नाहीत एवढे तो सांगतो, आणि त्या यादीत ‘_एसएसएल’ हे नाव असते. ‘मेक इन्स्टॉल’सुद्धा निर्वेधपणे पार पडते. नंतर कधीतरी ‘पिप’ या पायथॉनच्या पॅकेज-साधनाने काही उतरवायला जावे, तर एसएसएल मॉड्यूल उपलब्ध नाही अशी तक्रार येते आणि माणूस नेटवर्कमध्ये दोष शोधत बसतो. मी स्वतः पहिल्यांदा यात एक अख्खी दुपार घालवली होती. कमांड तीनच होत्या, परंतु त्यांच्याआधी डिपेन्डन्सींची (प्रोग्रामला लागणाऱ्या इतर लायब्ऱ्यांची) पूर्ण यादी जमवणे आणि त्यांच्यानंतर बिल्डचा लॉग लक्षपूर्वक वाचणे ही दोन खरी कामे होती, आणि त्या मजकुरात नेमकी तीच गाळलेली असतात.

तिसऱ्या कमांडबद्दल तर अधिकच बोलायला हवे. ‘सुडो मेक इन्स्टॉल’ म्हटल्यावर त्या मेकफाइलमध्ये जे काही लिहिले असेल ते रूटच्या (सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या) अधिकाराने चालते, आणि कोणती फाइल कुठे ठेवली याची नोंद सिस्टिममध्ये कुठेही होत नाही. काढून टाकायची वेळ आली की ‘मेक अनइन्स्टॉल’ चालेल अशी अपेक्षा असते, पण ती सोय प्रत्येक प्रकल्पात नसते, आणि जिथे असते तिथेही मूळची बांधणीची फोल्डर जपून ठेवलेली असावी लागते. फाइली सहसा ‘/यूएसआर/लोकल’खाली जातात. ती जागा यंत्राच्या व्यवस्थापकासाठीच राखीव असल्याने तेवढे योग्यच आहे. परंतु कमांड शोधण्याच्या क्रमात तिथली ‘बिन’ फोल्डर सहसा सिस्टिमच्या फोल्डरच्या आधी येते. याचा परिणाम असा, की दोन वर्षांपूर्वी कुतूहलापोटी बांधलेला ‘कर्ल’ (नेटवरून फाइली उतरवणारा प्रोग्राम) आज डिस्ट्रोने ‘कर्ल’ दुरुस्त केल्यावरही पुढे उभा राहतो, आणि अपडेट नीट लागले तरी चालतो तो जुनाच प्रोग्राम.

आता सुरक्षिततेचा दावा. त्याच्या समर्थनार्थ हल्ली एक्सझेड प्रकरणाचा दाखला दिला जातो: बायनरीवर विश्वास ठेवणाऱ्यांची तिथे फसगत झाली, सोर्सवाले वाचले, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात काय घडले ते पाहू. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने जाहीर केले, की एक्सझेड युटिल्स या फाइली आकुंचित करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरवाट पेरलेली आहे. एसएसएचने (दूरच्या यंत्राशी सुरक्षितपणे जोडणाऱ्या साधनाने) लॉगइन होताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, एवढ्या धाग्यावरून त्यांनी शोध घेतला होता. ही चोरवाट कोणा डिस्ट्रोने बायनरी बांधताना घातलेली नव्हती, ती प्रकल्पाने प्रसिद्ध केलेल्या सोर्स टारबॉलमध्येच होती. घातक भाग चाचणीच्या बायनरी फाइलींमध्ये दडवलेला होता, आणि तो बाहेर काढून बिल्डमध्ये मिसळणारी एम४ मॅक्रोची (‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट घडवताना वापरली जाणारी) फाइल टारबॉलमध्ये होती पण गिट रिपॉझिटरीत, म्हणजे प्रकल्पाच्या कोडच्या सार्वजनिक साठ्यात, नव्हती. म्हणजे रिपॉझिटरीतला कोड ओळ न ओळ वाचून नंतर टारबॉल उतरवून घेणाऱ्यालाही ती दिसली नसती.

या दाखल्यात एक खरी गोष्ट आहे, आणि ती लपवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पॅकेज डेबियन किंवा आरपीएम (फेडोरासारख्या डिस्ट्रोंच्या) पद्धतीने बांधले जात आहे का, हे चोरवाट मिसळणारी स्क्रिप्ट तपासत असे. त्यामुळे घरी हाताने बांधलेल्या प्रतीत चोरवाट शिरली नसती. पण ही हल्लेखोराने आपले काम लपून राहावे म्हणून घातलेली अट होती. सोर्समधून बांधण्याच्या पद्धतीने कोणाला वाचवले नाही. ती अट स्क्रिप्टमध्ये नसती, तर घरी बांधणाराही तितकाच सापडला असता. कोड समोर असणे आणि कोड तपासलेला असणे यांत फार मोठे अंतर आहे, आणि ‘मेक’ चालवल्याने ते कमी होत नाही. कंपाइलरवरच्या विश्वासाचा प्रश्न तर त्याहून जुना आहे. स्वच्छ सोर्समधूनही दूषित प्रोग्राम निघेल असा कंपाइलर कसा घडवता येतो, हे केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवले होते. आपण वापरतो तो कंपाइलरसुद्धा बहुधा डिस्ट्रोच्या बायनरीतूनच आलेला असतो. विश्वास कुठेतरी ठेवावा लागतोच. प्रश्न आहे तो कुठे आणि कोणत्या पडताळणीच्या आधारावर ठेवायचा हा. डिस्ट्रोची पॅकेज-सूची डिजिटल स्वाक्षरीने बांधलेली असते आणि पॅकेज मॅनेजर ती दर वेळी न विसरता तपासतो. टारबॉलची स्वाक्षरी मात्र आपल्याला स्वतः तपासावी लागते, आणि किती जण ती तपासतात हे प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावे.

एक्सझेडची आणखी एक बाजू ताज्या आवृत्तीच्या दाव्याशी जोडलेली आहे. त्या दोन आवृत्त्या डेबियनच्या स्थिर शाखेत पोहोचल्याच नव्हत्या. त्या अस्थिर आणि चाचणीच्या शाखांत होत्या. ज्या संथपणाला नावे ठेवली जातात त्यानेच तिथे रक्षण केले. हार्टब्लीड या ओपनएसएसएलमधल्या गाजलेल्या दोषाच्या वेळीही असेच चित्र होते. ७ एप्रिल २०१४ रोजी उघड झालेला हा दोष ओपनएसएसएलच्या १.०.१ पासून १.०.१-एफपर्यंतच्या आवृत्त्यांत होता आणि त्याहून जुन्या ०.९.८ व १.०.० या शाखांत नव्हताच. दोष दुरुस्त झाला १.०.१-जी मध्ये. पण डेबियनच्या तेव्हाच्या स्थिर शाखेत १.०.१-ई हीच आवृत्ती कायम ठेवून तिला फक्त दुरुस्तीचा पॅच लावण्यात आला. याला बॅकपोर्ट म्हणतात. आवृत्तीचा मुख्य आकडा जुना दिसतो, म्हणून ‘डिस्ट्रोने जुने, सदोष सॉफ्टवेअर गळ्यात मारले’ असे म्हणणारे नेमके हेच विसरतात. ज्यांनी त्याआधी ओपनएसएसएल स्वतः बांधून ठेवले होते, त्यांच्यापर्यंत मात्र कोणतेही अपडेट आपोआप पोहोचणार नव्हते. बातमी वाचणे, आपल्याकडे ती लायब्ररी कुठे कुठे आहे हे आठवणे आणि सगळे पुन्हा बांधणे हे त्यांनाच करावे लागणार होते. कंपाइल केल्याच्या दिवशी ते ताजेच होते; पण त्या दिवसानंतर कोणी हात लावला नाही, तर असे सॉफ्टवेअर तिथेच गोठून राहते. डिस्ट्रोची मोठी आवृत्ती बदलली की भोवतालच्या लायब्ऱ्याही बदलतात. उबुंटू २२.०४ मध्ये ओपनएसएसएल ३ आले आणि १.१ ची लायब्ररी हटली, १.१ शी जोडून घरी बांधलेले प्रोग्राम तेव्हा लायब्ररी सापडत नाही म्हणून सुरूच होईनात.

डिस्ट्रोकडून चुका होत नाहीत असे माझे म्हणणे नाही. डेबियनने ओपनएसएसएलमध्ये केलेल्या एका बदलामुळे सप्टेंबर २००६ ते मे २००८ या काळात तिथे तयार झालेल्या किल्ल्या अंदाज करता येण्याजोग्या होत्या. किल्लीच्या प्रत्येक प्रकाराला आणि लांबीला शक्यता उरल्या होत्या त्या जेमतेम ३२,७६८. मूळ सोर्समधून बांधणारे त्यातून वाचले, हे निर्विवाद आहे. पण दोष सापडताच सुधारलेले पॅकेज आणि कमकुवत किल्ल्या ओळखणारे साधन त्याच वाटेने असंख्य यंत्रांपर्यंत पोहोचले, हेही तितकेच खरे आहे.

‘कंपाइल केल्याने लिनक्स शिकता येते’ हा उरलेला दावा मला मान्य आहे, मात्र तीन कमांड डोळे मिटून चिकटवण्याने काहीच शिकता येत नाही एवढी पुस्ती जोडून.

मग सोर्समधून केव्हा बांधावे? पॅकेजच उपलब्ध नसेल, स्वतःचा पॅच लावायचा असेल, किंवा हवे ते वैशिष्ट्य डिस्ट्रोने बंद ठेवले असेल तेव्हा जरूर बांधावे. एफएफएमपेगमध्ये फ्राउनहोफरची एएसी (ध्वनीच्या एका स्वरूपाची) लायब्ररी जीपीएल परवान्याखालच्या भागांसोबत हवी असेल, तर परवान्यांचा मेळ बसत नसल्याने तशी बायनरी वाटताच येत नाही. तिथे स्वतः बांधण्यावाचून पर्याय नाही. परंतु असे बांधताना ‘--प्रीफिक्स’ देऊन सगळे आपल्या होम फोल्डरमधल्या वेगळ्या जागी बसवावे, म्हणजे रूटचा अधिकार लागत नाही आणि काढायचे झाल्यास एक फोल्डर पुसली की झाले. संपूर्ण सिस्टिमसाठीच हवे असेल, तर ग्नू स्टो या साधनाने वेगळ्या फोल्डरमधल्या फाइलींच्या जोडण्या (सिमलिंक) सांभाळाव्यात. डेबियन किंवा उबुंटूवर ‘ॲप्ट बिल्ड-डेप’ने डिपेन्डन्सी आणाव्यात, ‘ॲप्ट सोर्स’ने डिस्ट्रोचा स्वतःचा सोर्स उतरवावा, त्यात हवा तो बदल करावा आणि रीतसर पॅकेजच बांधावे. जेंटू या डिस्ट्रोमध्ये तर पॅकेज मॅनेजर स्वतःच सोर्समधून कंपाइल करतो आणि प्रत्येक फाइलची नोंदही ठेवतो. पॅकेज मॅनेजर आणि सोर्स यांना एकमेकांविरुद्ध उभे करणेच मुळात चुकीचे आहे हे त्यावरून दिसते.

मी माझ्या प्रत्येक यंत्रावर एक साधी मजकुराची फाइल ठेवतो. हाताने बांधलेल्या प्रत्येक प्रोग्रामचे नाव, आवृत्ती, ‘कॉन्फिगर’ला दिलेली नेमकी ओळ आणि त्या प्रकल्पाच्या सुरक्षाविषयक सूचना कुठे प्रसिद्ध होतात, एवढे तिच्यात लिहिलेले असते. आज त्या फाइलमध्ये चार नोंदी आहेत. पूर्वी त्या अकरा होत्या. सात प्रोग्रामांची पॅकेजे डिस्ट्रोत आल्यावर मी ते डिस्ट्रोकडे सोपवले.