मोठी गाडी घ्या, शेजारी आपोआप लहान होतील

सुखी व्हायचंय ना? मग गाडी घ्या. आहे ती नाही, मोठी. आहे ती पाच माणसांना नेते, बोळात शिरते, ॲव्हरेजही बरं देते. म्हणजेच तिच्याकडे वळून बघण्यासारखं काही उरलेलं नाही. चारचौघांत तिचं नाव घेतलं की लोक "हो का" म्हणतात आणि दुसरा विषय काढतात. असल्या गाडीतून फिरून कुणी सुखी झाल्याचं ऐकलंय का?

हे मी अभ्यास करून सांगते आहे. असा एक सुखी माणूस आमच्याच सोसायटीत राहतो. गेल्या मंगळवारी सासऱ्यांना फास्टिंगचं रक्त द्यायला घेऊन निघाले होते. डायबेटिसचा माणूस, आदल्या रात्रीपासून पोटात पाण्याशिवाय काही नाही. खाली आलो तर रॅम्पच्या तोंडाशी आडवी, नवीकोरी, काळीभोर गाडी. माझी स्कूटर तिच्या पलीकडे. वॉचमनकाकांनी इंटरकॉम वाजवला, मग वर जाऊन बेल वाजवली. बऱ्याच वेळाने साहेब बर्म्युडात उतरले. आधी गाडीभोवती प्रदक्षिणा घातली, आरशावरून बाही फिरवली आणि मग मला विचारलं, "वहिनी, स्कूटर कुठे घासली नाही ना?" सासरे खांबाला टेकून उभे होते. त्यांच्याकडे बघायला साहेबांना सवड झाली नाही.

असं सुख तुम्हालाही लाभावं, म्हणून या सूचना.

गाडी बघायला जाण्याआधी पार्किंग अजिबात मोजू नका. ते अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब असतं, त्यात बिल्डरने एक खांब घातलेला असतो आणि मोजलं की मन खचतं. मापांची काळजी सरकारला करू द्या. लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन लहान असेल तर ती छोटी गाडी, तिला २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी. त्याबाहेर गेलात की ४०. म्हणून कंपन्या ३,९९५ मिलिमीटरवर गाडी बरोब्बर आवरतात, नाक उंच करतात आणि तिला एसयूव्ही म्हणून विकतात. तुम्ही या पाच मिलिमीटरच्या चिकटपणात पडू नका. थेट चाळीस टक्केवाली घ्या. पावणेदोन-दोन मीटर रुंदीची गाडी खांबाला लागून उभी केली की दार अर्धंच उघडतं. पोट आत ओढून, एक पाय आधी बाहेर टाकून तिरपं उतरायचं. रोजचा व्यायाम होतो, जिमचे पैसे वाचतात.

शोरूममध्ये "आमचं बजेट बारा लाख" हे वाक्य एकदाच उच्चारा. समोरचा टाय लावलेला मुलगा तुच्छतेने काही बोलणार नाही, तो फक्त "म्हणजे बेस मॉडेल" म्हणेल. तेवढं पुरे. बेस मॉडेल कोण घेतं? ज्याला कुठेतरी जायचं असतं तो. तुम्हाला टॉप मॉडेल हवं. लाखाने वर गेलात तरी सात वर्षांच्या कर्जावर हप्ता महिन्याला जेमतेम सोळाशेने वाढतो, आणि सोळाशे म्हणजे काय हो, हॉटेलचं एक जेवण. असं एकेक जेवण चढत चढत तुम्ही बारावरून बाविसावर पोचता. वीस लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के, सात वर्षं: हप्ता साडेबत्तीस हजारांच्या वर आणि व्याज जवळपास साडेसात लाख. म्हणजे एक छोटी गाडी बँकेला घेऊन दिलीत. बँकेलाही सुखी व्हायचा हक्क आहे. वर रोड टॅक्स, विमा, एक्सटेंडेड वॉरंटी, टेफ्लॉन कोटिंग आणि ज्याचं नाव घरी येईपर्यंत विसरता ते आणखी एक कोटिंग.

टेस्ट ड्राइव्हला आईला नेऊ नका. तिला त्या उंच सीटवर चढता येत नाही, आणि ती तसं तिथेच, सगळ्यांसमोर सांगते.

डिलिव्हरी मात्र सहकुटुंब घ्या. लाल सॅटिनचं कापड ओढायचं, पुठ्ठ्याची हातभर चावी धरायची, केक कापायचा. टाळ्या वाजवायला शोरूमची माणसं असतात, त्यांना पगारच त्याचा मिळतो. चाकांखाली लिंबं चिरडा, बॉनेटवर स्वस्तिक काढा, मग संध्याकाळभर ते कुंकू पेंटला धरेल की काय याची चिंता करा. रात्री स्टेटसला "स्वप्नपूर्ती". स्वप्न बँकेकडे गहाण आहे हे आरसीवर छापलेलं असतं, पण फोटोत आरसी येत नाही.

नंबर चॉइसचा घ्या. पूर्वी ४१४१ घेऊन त्याचं 'दादा' करता यायचं, ८०५५ चं 'बॉस'. ती लोककला एचएसआरपीने, म्हणजे सरकारी साच्याच्या नव्या नंबरपाट्यांनी मारली. (एचएसआरपीच्या अपॉइंटमेंटचा विषय मी काढत नाही, तुम्हीही काढू नका.) पण ज्याला कळायचं त्याला नुसता आकडाही कळतो. मुंबई-पुण्यात ०००१ साठी ऑगस्ट २०२४ पासून सरकार सहा लाख घेतं, आधी चार घ्यायचं. सहा लाखांत अख्खी गाडी येते म्हणा, पण त्या गाडीला कोण विचारतं?

सनरूफ हवंच. पुण्याच्या उन्हात ते बंद ठेवायचं असतं आणि पावसातही.

आता सर्वात महत्त्वाची सूचना. गाडी चालवू नका. गाडी ही बघण्याची, दाखवण्याची आणि झाकून ठेवण्याची वस्तू आहे. याला शास्त्राचा आधार आहे. मिशिगन विद्यापीठातल्या नॉर्बर्ट श्वार्त्झ आणि जिंग शू यांनी गाडीवाल्यांना विचारलं की तुमच्या गाडीने तुम्हाला किती आनंद मिळतो. जितकी गाडी महाग, तितका आनंद जास्त, असं उत्तर आलं. मग विचारलं, शेवटचं चालवलंत तेव्हा कसं वाटलं? इथे किमतीचा आणि आनंदाचा संबंधच गायब. उघड आहे. गाडीचा विचार करतो तेव्हा आपण गाडीचा विचार करतो. चालवताना मात्र पुढच्या पीएमटीचा, डावीकडून घुसणाऱ्या रिक्षाचा, बॉसच्या मेलचा आणि खड्ड्याचा. टॉमटॉम या नकाशे बनवणाऱ्या कंपनीच्या २०२४ च्या पाहणीत पुण्यात १० किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं लागत होती. तुमची गाडी नऊ सेकंदांत शंभरचा वेग गाठते असं त्या टायवाल्या मुलाने सांगितलं होतं. गाठू द्या तिला, बेसमेंटमध्ये. सिंहगड रोडवर तिच्या पुढे भाजीचा टेम्पो असतो आणि त्याच्यापुढे आणखी एक तुमच्यासारखी गाडी.

आमच्या साहेबांनी ही सूचना न सांगता पाळली आहे. सोमवार ते शुक्रवार ते कंपनीच्या बसने जातात. गाडीवर चंदेरी कव्हर असतं. रविवारी सकाळी कव्हर निघतं, गाडी धुतली जाते, पुसली जाते, पुन्हा कव्हर चढतं. आधी त्यांच्याकडे एक जुनी पांढरी हॅचबॅक होती. दर मे महिन्यात ती गुहागरला जायची. परत यायची तेव्हा सीटवर वाळू, डिकीत फणस, काचेला आतून मुलांच्या बोटांचे ठसे, आणि सगळं कुटुंब काळवंडलेलं, खिदळत उतरायचं. फणसाचे गरे आमच्या घरीही यायचे. नवी आल्यापासून गुहागर बंद. हायवेवर टिपरच्या चाकाखालून खडी उडते म्हणे. घाटात लोक घासून जातात म्हणे. समुद्राच्या हवेने खालून गंज धरतो म्हणे, त्याचं कोटिंग केलेलं असूनसुद्धा. परवा त्यांची धाकटी गाडीत चढण्याआधी चपला काढून हातात घेऊन उभी होती. आत वेफर्स खायचे नाहीत, काचेला हात लावायचा नाही, मागच्या सीटचं प्लास्टिक काढायचं नाही. बिचारी त्या प्लास्टिकवर मांड्या चिकटवून बसते. देवळात तरी प्रसाद मिळतो हो!

आणि एवढं सगळं सांभाळून मिळतं काय? विमा कंपनीला विचारा, तिच्याकडे या सुखाची छापील घसरगुंडी तयार असते. पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के घट, वर्षाच्या आत १५, दोन वर्षांत २०, तीन वर्षांत ३०, पाचव्या वर्षापर्यंत ५०. कव्हर घाला, कोटिंग करा, मुलीच्या चपला काढा, पाचव्या वर्षी किंमत निम्मी म्हणजे निम्मी. हप्ते मात्र सातव्या वर्षापर्यंत पुरेच्या पुरे. त्याच्या आत नवं मॉडेल येतं, पुढचे दिवे बदलतात, आणि ज्या दिव्यांसाठी तुम्ही रात्री व्हिडिओ बघत जागला होतात ते अचानक जुनाट दिसू लागतात.

शेजाऱ्यांची चिंता करू नका, ते तुमच्या मागोमाग येतातच. नेदरलँड्समध्ये पिनकोडवर चालणारी एक लॉटरी आहे. तिच्यात तेव्हा आठवड्याला एक पिनकोड निघायचा, म्हणजे वीसेक घरं. तिथल्या तिकीटवाल्यांना पैसे, आणि एकाला वर नवी बीएमडब्ल्यू. काही अर्थशास्त्रज्ञांनी या घरांचा अभ्यास करून २०११ मध्ये तो प्रसिद्ध केला. सहा महिन्यांनी जिंकलेल्यांच्या सुखात काहीच फरक पडलेला दिसला नाही. फरक पडला तो न जिंकलेल्या शेजाऱ्यांत. त्यांनी स्वतःच्या पैशाने गाड्या घ्यायला सुरुवात केली होती. बक्षीस एकाला, खर्च दुसऱ्याला, सुख कुणालाच नाही. आमच्या बी विंगमध्ये लॉटरीही लागली नाही, तरी गेल्या दिवाळीपासून एकापाठोपाठ एक अशा उंच गाड्या येत आहेत. देशभरही तेच, नव्या प्रवासी गाड्यांमध्ये आता निम्म्याहून जास्त याच वर्गातल्या. सगळेच उंच झाल्यावर पुन्हा कुणीच उंच नाही, मग आणखी उंच. हे कुठवर जाणार? बेसमेंटची उंची ठरलेली आहे, एवढंच मला माहीत आहे.

गाडी धुवायला पाइप वापरा. बादली आणि फडकं ही गरिबांची साधनं आहेत. सोसायटीला टँकर लागतो, त्याचे पैसे सगळ्यांच्या मेंटेनन्समधून जातात, त्यामुळे तुम्हाला पाणी फुकटच पडतं.

आणि वॉचमनकडून धुऊन घ्या. महिन्याला पाचशे टेकवा. नको, तीनशे. दिवाळीला मिठाईचा पुडा देता ना?

जाऊ दे. हे सूचनांचं नाटक आता मला जमत नाही.

मागच्या सभेचं सांगते. दोन वॉचमन, दोघांचा पगार हजार हजाराने वाढवायचा ठराव होता. चाळीस फ्लॅट आहेत, म्हणजे घरटी महिना पन्नास रुपये. विरोधात पहिला हात कुणाचा वर गेला? "महागाई सगळ्यांनाच आहे, वहिनी. आम्हाला काय पैसे झाडाला लागतात?" हे म्हणताना साहेबांच्या हातात त्या गाडीची किल्ली होती. ती खिशात राहत नाही, टेबलावर ठेवावी लागते, चिन्ह वरच्या बाजूला करून. आणि त्यांच्या मागोमाग बी विंगचे बाकीचे हात वर गेले. एकूण एक नवा गाडीवाला. जुन्या गाडीवाल्यांनी, स्कूटरवाल्यांनी, पेन्शनवर राहणाऱ्या देशपांडे आजींनी हात वर केले नाहीत.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही माणसं कंजूष नाहीत, ही माणसं खरंच कफल्लक आहेत. महिन्याच्या एक तारखेला हप्ता गेला की यांच्याकडे पन्नास रुपये देण्याइतकी ऐपत राहत नाही, आणि पन्नास रुपयांइतकं मनही राहत नाही. बाविस लाखांची वस्तू दारात उभी करून हे रात्री झोपू शकत नाहीत, कुणी ओरखडा काढेल म्हणून उठून खिडकीतून खाली बघतात. मी बघितलंय, समोरच राहते. मुलीवर ओरडतात, बायकोला माहेरी सोडायला बसस्टँडपर्यंत रिक्षाने जातात, जुन्या मित्रांना टाळतात, कारण मित्र "चल, फिरवून आण" म्हणतात. ज्यांना दाखवायला गाडी घेतली ते आम्ही शेजारी, त्यांच्याशीच यांचं आता पटत नाही.

अहो, कशासाठी घेतलीत? कुणी सांगितलं होतं? आम्ही सांगितलं होतं? आम्हाला तुमची पांढरी गाडी चालत होती. तुमच्या गाडीकडे बघून आमचं काही अडत नव्हतं, आणि आताही खरं सांगू, डिलिव्हरीच्या दिवशी पेढा खाल्ल्यानंतर तिच्याकडे कुणीही बघितलेलं नाही. बघतात ते ती आडवी लावलेली असते तेव्हा, आणि काय पुटपुटतात ते तुम्ही ऐकत नाही हे बरंय. तुमचा हप्ता तुम्ही फेडा, त्यात आम्हाला पडायचं नाही. पण त्याची वसुली वॉचमनच्या पगारातून, टँकरच्या पाण्यातून आणि स्वतःच्या पोरीच्या सुट्टीतून करू नका. ज्या काकांना पहाटे उठवून तुम्ही काचा पुसायला लावता, त्यांचा मुलगा यंदा दहावीला आहे. तुम्हाला माहीत आहे? नसेल, कारण ते तुमच्याशी "साहेब"पुढे बोलतच नाहीत.

पुढच्या रविवारी दहा वाजता क्लबहाउसमध्ये पुन्हा सभा आहे. ठराव तोच ठेवला आहे, सही माझी आहे. या, किल्ली टेबलावर ठेवा, चिन्ह वर करून ठेवा, आमची हरकत नाही. पण हात वर करायचा तो बाजूने करा आणि पन्नास रुपये काढा.